टेलर स्विफ्टने स्वतःचीच जुनी गाणी परत का गायली, आणि पंधराव्या वर्षी केलेल्या सहीचं पुढे काय झालं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की मुलगी सोळा वर्षांची आहे, स्वतः गाणी लिहिते, स्वतःच चाली लावते, आणि एका छोट्या म्युझिक कंपनीने ॲग्रीमेंट पाठवलंय ज्यात "मास्टर व पब्लिशिंगचे सर्व हक्क, कायमस्वरूपी, संपूर्ण जगासाठी" असं एका दमात लिहिलंय. तुम्ही बिचकलात, तर मुलगी म्हणते टेलर स्विफ्टनेपण पंधराव्या वर्षी सही केलीच होती ना, तिचं कुठे काय बिघडलं. आणि मग तुमचा खरा प्रश्न, की तिला फसवलं होतं का, आणि तीच तीच गाणी परत रेकॉर्ड करायचा तो सगळा प्रकार नक्की काय होता.

मी गेली वीसेक वर्षं मुंबईत म्युझिक पब्लिशिंगमध्ये आहे. आधी एका लेबलच्या, म्हणजे रेकॉर्ड कंपनीच्या, लायसन्सिंगमध्ये होते, आता गीतकार-संगीतकारांची ॲग्रीमेंटं वाचून देते, रॉयल्टीचे हिशेब तपासते. टेलरची फॅन वगैरे मी नाही, तिचा 'रेप्युटेशन' अल्बम मला आजही अर्ध्यात बंद करावासा वाटतो. पण कागदपत्रांच्या बाजूने बघितलं तर एवढं शिकण्यासारखं करिअर गेल्या पन्नास वर्षांत फार कमी आहे, म्हणून जरा लांबण लावतेय, चहा घेऊन बसा.

आधी उत्तर देऊन टाकते. तिला फसवलं नव्हतं. तिने केली तशी सही तेव्हा नॅशव्हिलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या 'कंट्री' या ग्रामीण वळणाच्या संगीताच्या माहेरघरी, प्रत्येक नवीन गायक करत होता. ती वाचली कशामुळे, तर गाणी तिने स्वतः लिहिली होती आणि लिहिणाऱ्याचा हक्क तिने लेबलकडे दिला नव्हता म्हणून. तुमच्या ॲग्रीमेंटमध्ये नेमका तोच हक्क मागितलाय. त्यामुळे मुलीचं उदाहरण बरोबर आहे, फक्त ते तिच्या विरुद्ध बाजूने साक्ष देतं.

आता सुरुवातीपासून. टेलर ॲलिसन स्विफ्ट, जन्म १३ डिसेंबर १९८९, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात. नाव ठेवलं ते जेम्स टेलर या गायकावरून. वडील मेरिल लिंचमध्ये स्टॉकब्रोकर, लहानपण ख्रिसमस ट्रीच्या शेतावर गेलं, आईची आई ऑपेरा गायची. म्हणजे "फाटक्या घरातून स्टार" असली ष्टोरी इथे नाही, घर खाऊनपिऊन चांगलंच सुखी होतं आणि हे मी मुद्दाम सांगतेय कारण पुढचे बरेच निर्णय घरात पैसे होते म्हणूनच घेता आले. अकराव्या वर्षी कराओकेवर गायलेली सीडी घेऊन आई तिला नॅशव्हिलला घेऊन गेली, लेबलांच्या दारात जाऊन सीडी वाटल्या, कोणी विचारलं नाही. का विचारतील, दुसऱ्यांची गाणी बरी गाणाऱ्या पोरी त्या गावात गल्लोगल्ली. तिथून परत आल्यावर बारा वर्षांच्या आसपास तिने गिटार हातात घेतली आणि स्वतः लिहायला लागली. सगळ्या करिअरचं वळण मला विचाराल तर हे आहे, बाकीचं सगळं नंतरचं.

तेराव्या वर्षी आरसीए या मोठ्या लेबलने तिला डेव्हलपमेंट डील दिलं. डेव्हलपमेंट डील म्हणजे काय तर आम्ही तुझ्यावर लक्ष ठेवतो, थोडे पैसे देतो, अल्बम करू की नाही ते नंतर बघू. वर्षभराने कळलं की ते तिला अठरा वर्षांची होईपर्यंत ताटकळत ठेवणार आणि बहुतेक दुसऱ्यांची गाणी गायला लावणार. ती तिथून बाहेर पडली. चौदा वर्षांची पोरगी, मोठ्या लेबलला सोडतेय! आणि गेली कुठे, तर सोनी-एटीव्ही या पब्लिशिंग कंपनीत, गीतकार म्हणून, त्यांनी घेतलेली तोवरची सगळ्यात लहान गीतकार. घरच्यांनी बिऱ्हाड उचलून नॅशव्हिलजवळ हेंडरसनव्हिलला आणलं. दिवसा शाळा, शाळा सुटल्यावर म्युझिक रो या संगीत कंपन्यांच्या भागात जाऊन मोठ्या माणसांबरोबर बसून गाणी लिहायची. लिझ रोज नावाच्या गीतकार बाईंबरोबर तिचं सगळ्यात जास्त जमलं, आणि त्या बाईंनी नंतर स्वतःच सांगितलंय की मी बरेचदा फक्त एडिटरचं काम करायचे, मुलगी दिवसभरात शाळेत काय झालं ते सांगत यायची आणि गाणं जवळजवळ तयारच असायचं.

लक्षात घ्या, क्रम काय आहे. आधी पब्लिशिंग, मग लेबल. तेही दोन वेगळ्या कंपन्यांकडे.

हा फरक तुम्हाला समजला की बाकी सगळं आपोआप समजेल. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. शब्द आणि चाल, म्हणजे कागदावर किंवा डोक्यात असलेलं गाणं, ही एक, तिचे हक्क म्हणजे 'पब्लिशिंग'. आणि त्या गाण्याचं एखादं विशिष्ट रेकॉर्डिंग, ज्याला धंद्यात 'मास्टर' म्हणतात, ही दुसरी. पहिली म्हणजे जमीन समजा, तिचा सातबारा गीतकार-संगीतकाराच्या नावावर. दुसरी म्हणजे त्या जमिनीवर बांधलेलं घर, ते ज्याने बांधकामाचा खर्च केला त्याचं, म्हणजे बहुतेक वेळा लेबलचं. टेलरने लेबलला घर दिलं, जमीन दिली नाही. आपल्याकडे काय होतं की एकाच कागदावर दोन्ही जातं, आणि सही करणाऱ्याला पत्तासुद्धा नसतो की आपण दोन गोष्टी दिल्या.

तर लेबल. नॅशव्हिलमध्ये ब्लूबर्ड कॅफे नावाची छोटीशी जागा आहे, तिथे गीतकार लोक गिटार घेऊन स्वतःची गाणी ऐकवतात आणि बोलणाऱ्याला गप्प बसवलं जातं. तिथे स्कॉट बोर्चेटा या माणसाने तिला ऐकलं. तो स्वतःची कंपनी काढायच्या बेतात होता, बिग मशीन रेकॉर्ड्स, आणि कंपनी म्हणजे तेव्हा जवळपास फक्त तो आणि त्याचा शब्द. टेलर पंधराव्या वर्षी तिथे गेली, वडिलांनी कंपनीचे थोडे शेअरही घेतले. सहा अल्बमचं डील, सहाही अल्बमची मास्टर्स कंपनीची. आता हे वाचून तुम्हाला वाटेल अन्याय, पण नव्या कंपनीने नवख्या पोरीवर पैसे लावले, रेडिओ स्टेशन्सच्या पायऱ्या झिजवल्या, रिस्क त्यांची होती. त्या काळात मास्टर स्वतःकडे ठेवू देणारं लेबल नवोदिताला मिळणं जवळपास अशक्यच होतं.

२००६ च्या जूनमध्ये पहिलं सिंगल, ऑक्टोबरमध्ये पहिला अल्बम. त्यातलं प्रत्येक गाणं तिने स्वतः किंवा कोणाबरोबर मिळून लिहिलेलं, तीन तर एकटीने. त्यातलं एक तिने नववीत शाळेच्या टॅलेंट शोसाठी लिहिलं होतं, ते कंट्री चार्टवर पहिलं आलं, आणि एकटीने लिहून गायलेलं गाणं पहिल्या नंबरावर नेणारी ती तिथली सगळ्यात लहान ठरली. मायस्पेसवर फॅन मुलींना ती स्वतः उत्तरं द्यायची, तेव्हा बाकी कंट्री गायकांना मायस्पेस म्हणजे काय हेच माहीत नव्हतं.

२००८ चा 'फिअरलेस' आला आणि त्यातल्या 'लव्ह स्टोरी'ने ती आपल्याकडेपण पोचली. या गाण्याबद्दल जरा थांबून बोलते कारण तुमची मुलगी लिहिते तर तिला उपयोग होईल. आपल्याकडे मुखडा आणि अंतरे असतात, अंतरा संपला की मुखड्यावर यायचं, दोन किंवा तीन अंतरे, झालं गाणं. तिकडच्या पॉपमध्ये आणखी एक भाग असतो, ब्रिज, जो एकदाच येतो, चाल वेगळी, आणि त्याचं काम असं की त्याच्यानंतर तोच मुखडा परत आला तरी त्याचा अर्थ बदललेला असला पाहिजे. 'लव्ह स्टोरी'त मुखड्यात सगळा वेळ मुलगी रोमिओला विनवतेय की मला इथून घेऊन चल. ब्रिजमध्ये ती वाट बघून थकलेली, आणि तिथून जो शेवटचा मुखडा येतो तो वरच्या पट्टीत चढतो आणि आता बोलतोय मुलगा, लग्नाची मागणी घालतोय. चाल तीच, फक्त बोलणारा बदलला आणि पट्टी एक पूर्ण स्वर वर गेली, बस. सतरा-अठराव्या वर्षी बेडरूमच्या जमिनीवर बसून वीसेक मिनिटांत लिहिलं असं ती सांगते. वीस मिनिटं खरीही असतील, पण त्याआधीची चार वर्षं रोज शाळेनंतर लिहीत होती ते कोणी मोजत नाही.

या अल्बमला २०१० च्या सुरुवातीला ग्रॅमीत अल्बम ऑफ द इयर मिळाला, ती वीस वर्षांची. त्याच रात्री तिने ज्येष्ठ रॉक गायिका स्टीव्ही निक्सबरोबर स्टेजवर गायलं आणि सूर इतका पडला की दुसऱ्या दिवशी सगळीकडे धुलाई. हे मान्यच करायला पाहिजे, गायिका म्हणून ती तेव्हा कच्ची होती, आजही केवळ गळ्याच्या जोरावर तिला कोणी पहिल्या दहात बसवणार नाही. त्या आधी २००९ मध्ये एमटीव्हीच्या सोहळ्यात रॅपर कान्ये वेस्टने तिच्या हातातला माईक घेतला होता तो प्रकार तुम्हाला माहीतच असेल. पण मला त्याहून जास्त महत्त्वाची वाटते ती त्या काळातली कुजबुज, की एवढीशी पोरगी थोडीच लिहीत असेल, मोठे लोक लिहून देतात आणि हिचं नाव लावतात. तिने याला उत्तर कसं दिलं, तर २०१० चा 'स्पीक नाऊ' अख्खा एकटीने लिहिला. एकही सहगीतकार नाही. अल्बम पहिल्या आठवड्यात दहा लाखांवर खपला.

पुढचं पटापट. २०१२ ला 'रेड', अर्धा कंट्री अर्धा पॉप, स्वीडनच्या मॅक्स मार्टिन या पॉप प्रोड्युसरबरोबर काम सुरू. २०१४ ला '१९८९', आता पूर्ण पॉप, नॅशव्हिलचा पदर सोडला. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिने स्पॉटिफायवरून सगळी गाणी काढून घेतली, कारण फुकट ऐकणाऱ्यांमागे मिळणारा मोबदला तिला पटत नव्हता, ती २०१७ पर्यंत परत गेली नाही. २०१५ च्या जूनमध्ये ॲपल म्युझिक सुरू होणार होतं, पहिले तीन महिने ग्राहकाला फुकट आणि त्या तीन महिन्यांत कलाकारालाही काही नाही. तिने जाहीर पत्र लिहिलं, की आम्ही तुमच्याकडे फुकट आयफोन मागत नाही. एका दिवसाच्या आत ॲपलने निर्णय फिरवला. मी तेव्हा लायसन्सिंगमध्ये होते, ऑफिसात सगळे थक्क, कारण अशा कंपन्यांशी बोलताना आम्ही ईमेलमधला स्वल्पविरामसुद्धा तीनदा तपासायचो.

२०१६ मध्ये कान्ये आणि त्याची तेव्हाची बायको किम कार्डॅशियन यांच्याशी झालेल्या वादात तिची बरीच बदनामी झाली, वर्षभर ती जवळपास गायबच होती. २०१७ मध्ये एका रेडिओ होस्टने तिला चुकीचा स्पर्श केल्याची केस डेन्व्हरच्या कोर्टात तिने जिंकली, भरपाई मागितली होती एक डॉलर. नोव्हेंबरमध्ये 'रेप्युटेशन' आला. हा सहावा. डील संपलं.

आणि इथून आमच्या धंद्याचा भाग सुरू होतो.

डील संपताना तिला आपली सहा अल्बमची मास्टर्स परत हवी होती. तिच्या म्हणण्यानुसार बिग मशीनने अट घातली की परत आमच्याकडे सही कर, एक नवीन अल्बम दे आणि एक जुना घेऊन जा. बोर्चेटाचं म्हणणं वेगळं, तो म्हणतो आम्ही सगळं एकदम द्यायला तयार होतो. बंद दारामागे काय झालं ते दोघांना माहीत. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये ती युनिव्हर्सल या मोठ्या म्युझिक कंपनीच्या रिपब्लिक लेबलकडे गेली आणि इथून पुढची सगळी मास्टर्स माझी अशी अट घातली. शिवाय युनिव्हर्सलने स्पॉटिफायमधले शेअर विकले तर त्यातले पैसे सगळ्या कलाकारांना द्यायचे आणि ते त्यांना आधी दिलेल्या, अजून न फिटलेल्या ॲडव्हान्समध्ये वळते करून घ्यायचे नाहीत हेही लिहून घेतलं. दुसरी अट वाचून मला तिच्याबद्दल पहिल्यांदा मनापासून आदर वाटला.

२०१९ च्या ३० जूनला बातमी आली, बिग मशीन विकली गेली, स्कूटर ब्रॉनच्या इथाका होल्डिंग्जला, साधारण ३० कोटी डॉलरला. ब्रॉन म्हणजे एके काळचा कान्येचा मॅनेजर. कंपनीबरोबर तिचे सहाही अल्बम गेले. कायद्याने काही चुकीचं नव्हतं, घर ज्याचं त्याने विकलं. तिने टंबलरवर लांबलचक पोस्ट लिहून राग काढला, फॅन लोकांनी ब्रॉनला सळो की पळो केलं. पण पोस्ट लिहून मास्टर परत येत नाहीत. मग तिने दोन गोष्टी केल्या आणि दोन्ही तिच्या सातबाऱ्याच्या जोरावर.

पहिली नकाराची. सिनेमात, सीरियलमध्ये, जाहिरातीत गाणं वापरायचं असेल तर त्याला सिंक लायसन्स म्हणतात आणि त्यासाठी दोन्ही मालकांची परवानगी लागते, मास्टरवाल्याचीही आणि गाणं लिहिणाऱ्याचीही. मास्टरवाला हो म्हणाला तरी लिहिणाऱ्याने नाही म्हटलं की विषय संपला. तिने स्वतः सांगितलंय की दर आठवड्याला जुन्या गाण्यांसाठी विचारणा यायच्या आणि आम्ही नाही म्हणायचो. नाक दाबलं की तोंड उघडतं. ३० कोटी डॉलर देऊन घेतलेल्या मालातून कमाईची एक मोठी वाट तिने एका शब्दाने अडवली. स्ट्रीमिंग मात्र ती अडवू शकत नव्हती, तिथे अमेरिकेत सक्तीचं लायसन्स असतं, म्हणजे लिहिणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, म्हणून जुनी रेकॉर्डिंग्ज ॲप्सवर वाजतच राहिली.

दुसरी, त्याच जमिनीवर दुसरं घर बांधायचं. लेबलच्या प्रत्येक ॲग्रीमेंटमध्ये एक बारीक कलम असतं, री-रेकॉर्डिंग रिस्ट्रिक्शन, म्हणजे अमुक वर्षं तू हेच गाणं दुसऱ्यासाठी रेकॉर्ड करणार नाहीस. पूर्वी ती मुदत साधारण पाच-सात वर्षं असायची. कोणी फार लक्ष द्यायचं नाही कारण जुनं गाणं परत कोण गाणार? तिची पहिल्या पाच अल्बमची मुदत २०२० च्या नोव्हेंबरमध्ये संपली. दरम्यान त्याच महिन्यात ब्रॉनने मास्टर्स शॅमरॉक कॅपिटल नावाच्या गुंतवणूक कंपनीला विकून टाकली होती, शॅमरॉकने तिला भागीदारीत या असं सांगितलं, पण ब्रॉनला पुढेही फायदा जाणार हे कळल्यावर तिने नाही म्हटलं. आणि स्टुडिओत गेली.

हे काम ऐकायला सोपं वाटतं, करायला भयानक आहे. अठराव्या वर्षीचं गाणं एकतिसाव्या वर्षी असं गायचं की ऐकणाऱ्याला वेगळेपणा खटकू नये. तिने टूरवरचे जुने वादक परत गोळा केले, मूळ ट्रॅक एकेक करून ऐकले, श्वास कुठे घेतला, शब्द कुठे ओढला ते बघितलं. 'हे स्टीफन' गाण्यात मूळ रेकॉर्डिंगमध्ये ती मध्येच फिसकन हसते, नव्यातही ते हसू बरोब्बर त्याच जागी आहे. आता हसू परत रेकॉर्ड करायचं म्हणजे किती वेळा हसून बघावं लागलं असेल विचार करा. कान देऊन ऐकलं तर फरक कळतो, आवाज भरलाय, पूर्वीचा तो नाकातला कंट्री उच्चार गेलाय. '१९८९'च्या नव्या रेकॉर्डिंगमध्ये ड्रम आणि सिंथ मला जरा थंड वाटतात, मूळचा ठोसा नाही. पण जाहिरातवाल्याला काय, त्याला "तेच गाणं" पाहिजे असतं. नव्या 'लव्ह स्टोरी'चा तुकडा अल्बम यायच्या आधीच, २०२० च्या डिसेंबरमध्ये, एका डेटिंग ॲपच्या जाहिरातीत वाजला. परवानगी दोन्ही बाजूंची लागते, आणि आता दोन्ही बाजू तीच.

प्रत्येक अल्बमच्या नावापुढे कंसात 'टेलर्स व्हर्जन'. 'फिअरलेस' आणि 'रेड' २०२१ ला, 'स्पीक नाऊ' आणि '१९८९' २०२३ ला. सोबत तेव्हा न घेतलेली गाणीपण, म्हणजे फॅनला परत पैसे द्यायला कारण मिळालं. 'रेड'मध्ये 'ऑल टू वेल'चं दहा मिनिटांचं रूप आलं आणि ते अमेरिकन चार्टवर पहिलं गेलं, पहिल्या नंबरावर गेलेलं तिथलं सगळ्यात लांब गाणं. ज्या धंद्यात तीस सेकंदांत मुखडा आला नाही तर प्रोड्युसर घड्याळ बघतो तिथे हे झालं! त्या गाण्यात प्रियकराच्या बहिणीच्या घरी विसरलेला एक स्कार्फ आहे, ब्रेकअप होतं तरी तो त्याच्या ड्रॉवरमध्ये राहतो. तुमच्या मुलीला सांगा, अख्खं दुःख सांगायला जाऊ नकोस, असा एक स्कार्फ शोध. नव्या '१९८९'ची पहिल्या आठवड्यातली नुसती विक्रीच १३ लाखांच्या वर गेली, मूळची होती १२.८७ लाख.

मध्ये लॉकडाऊनमध्ये २०२० ला 'फोकलोअर' आणि 'एव्हरमोअर' आले, 'फोकलोअर'च्या वेळी संगीतकार ॲरन डेसनर न्यूयॉर्क राज्यात बसून वाद्यांच्या फाइल पाठवायचा, ही लॉस एंजेलिसच्या घरात बसून शब्द आणि चाल लावायची आणि तिथेच गायची. तिचं सगळ्यात चांगलं लिखाण माझ्या मते हेच आहे. एका प्रेमाच्या त्रिकोणाची तीन गाणी आहेत त्यात, तीन वेगवेगळ्या तोंडून, स्वतःच्या डायरीतून बाहेर पडलेली टेलर. अल्बम ऑफ द इयर तिला चारदा मिळालाय, 'फिअरलेस', '१९८९', 'फोकलोअर' आणि 'मिडनाइट्स', चारदा दुसऱ्या कोणत्याच गायकाला नाही.

मग इराज टूर, मार्च २०२३ ते डिसेंबर २०२४, १४९ शो, तीन तासांहून जास्त वेळ स्टेजवर, तिकिटांचे २०० कोटी डॉलरच्या वर. टूरच्या सिनेमासाठी स्टुडिओलाच बाजूला ठेवून तिने थेट थिएटरवाल्यांशी डील केलं. भारतात टूर आली नाही, जवळचं म्हणजे सिंगापूर, २०२४ च्या मार्चमध्ये सहा शो, आणि मुंबई-पुण्याहून मुली मण्यांची ब्रेसलेट ओवून घेऊन तिकडे गेल्या, माझी भाची त्यात होती, तिचे आईबाप तो खर्च अजून फेडतायत म्हणे. नंतरच्या अल्बमच्या एकाच रेकॉर्डची दहा रंगांत विक्री वगैरे जे चालतं ते मला अजिबात आवडत नाही, लहान पोरींचे खिसे कापण्यातलाच प्रकार तो, पण असो.

शेवटी ३० मे २०२५ ला तिने जाहीर केलं की शॅमरॉककडून सगळी मास्टर्स विकत घेतली, व्हिडिओ, फोटो, न आलेली गाणी सगळ्यासकट. बातम्यांत आकडा ३६ कोटी डॉलरच्या आसपासचा आला. तेव्हा तिने हेही सांगितलं की 'रेप्युटेशन' परत रेकॉर्ड करायला घेतला होता पण पाव भागसुद्धा झाला नाही, तो परत तसा जमेना. म्हणजे शेवटी पैसे मोजूनच घेतलं, हे विसरू नका. पण शॅमरॉकच्या हातातल्या जुन्या मास्टर्सची किंमत नव्या रेकॉर्डिंग्जनी वाढू दिली नव्हती आणि टूरचे पैसे हातात होते, म्हणून सौदा तिच्या बाजूने झाला असं माझं मत.

या सगळ्याचा परिणाम लेबलांवर काय झाला तर ताकसुद्धा फुंकून प्यायला लागली. री-रेकॉर्डिंगची मुदत आता दहा-पंधरा वर्षं, काही ठिकाणी तीस वर्षांपर्यंत मागतात. आपल्याकडेपण ही कलमं कॉपी-पेस्ट होऊन आली आहेत, माझ्याकडे आलेल्या एका मराठी गाण्याच्या ॲग्रीमेंटमध्ये तर वादाचं कोर्ट कॅलिफोर्नियाचं होतं, कोणीतरी फाइल उचलून नाव बदललेलं.

आता तुमच्या कागदाकडे. सोळा वर्षांच्या मुलीची सही आपल्या कायद्यात चालत नाही, ते पालक म्हणून तुमची घेणार, म्हणजे वाचायचं काम तुमचं. "मास्टर व पब्लिशिंग" हे आधी वेगळं करायला लावा. मास्टर त्यांनी पैसे घालून केलं असेल तर द्या, पण मुदतीने द्या, सात वर्षं, दहा वर्षं, काहीतरी लिहा. मुदत लिहिलीच नसेल तर आपला कॉपीराइट कायदा पाच वर्षं धरतो, म्हणूनच ते "कायमस्वरूपी" हा शब्द आठवणीने घालतात. गाण्याचे शब्द आणि चाल मुलीच्या नावावर राहू द्या. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही, तो फक्त कायदेशीर वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो, पण ॲग्रीमेंटमध्ये "सर्व मोबदला एकरकमी मिळाला" असं वाक्य टाकून पुढे भांडण लावतात, ते वाक्य खोडा. आयपीआरएसची, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या सोसायटीची, मेंबरशिप गीतकार आणि संगीतकार दोन्ही म्हणून घ्या. री-रेकॉर्डिंगची मुदत पाच वर्षांच्या वर असेल तर घासाघीस करा. कंपनी विकली गेली तर तुम्हाला आधी कळवायचं आणि पहिली संधी तुम्हाला द्यायची एवढी एक ओळ घालून घ्यायचा प्रयत्न करा, छोट्या कंपन्या बरेचदा मानतात कारण विकले जाऊ असं त्यांना वाटतच नसतं.

ते म्हणतील आमचा स्टँडर्ड फॉर्मॅट आहे, बदल होत नाही. होतो. पब्लिशिंग सोडायला अजिबातच तयार नसतील तर मी तरी सही करणार नाही, मुलगी सोळाची आहे, गाणी कुठे पळून जात नाहीत. आणि तोवर तिला एक सवय लावा, गाणं पूर्ण झालं की फोनवर कच्चं गाऊन शब्दांच्या फोटोसकट स्वतःलाच मेल करायचं, कोणी मदत केली असेल तर कोणाचे किती टक्के ते त्याच मेलमध्ये लिहून त्यालाही सीसी. पुरावा म्हणून फार भक्कम नाही, पण दोन वर्षांनी गिटार वाजवणारा मित्र "चाल माझी होती" म्हणून उभा राहतो तेव्हा कामाला येतं.